समुद्रासमोरची खोली

आईचे गुडघे कामातून गेले आणि मग तिला समुद्र पाहायची इच्छा झाली. त्याआधी, झाशीत खंडेराव गेटपासून बाजारापर्यंत ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी जायची, तेव्हा मी दर हिवाळ्यात विचारायचे की कुठे जाऊन येऊ या का. तेव्हा तिला घराला कुलूप लावणं जिवावर यायचं. आमच्या घरात सगळं असंच, वेळ टळून गेल्यावर सुचतं.

बरं, कुठलाही समुद्र तिला चालणार नव्हता. पुरी नको, गोवा नको, कोकणच हवं. आमचे पूर्वज तिथून निघून कुणाच्या तरी दफ्तरात कारकुनी करायला बुंदेलखंडात आले आणि इथलेच झाले. आईचा जन्म झाशीचा, तिच्या आईचाही. "दोन दिवस समुद्रापुढे खुर्ची टाकून बसायचं," ती म्हणाली, "आणि आजूबाजूला सगळी आपली माणसं, मराठी बोलणारी. बस, इतकंच. मग मी कुठे जायचं नाव काढणार नाही."

यातलं दुसरं मागणं कळायला झाशीत राहायला हवं. इथे आमचं मराठी उंबरठ्याच्या आत असतं. बाहेर पाऊल टाकलं की दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी हिंदी. सदर बाजारात भाजी घेताना मागून एखादं "अहो, ऐकलंत का" कानावर आलं की आई जागच्या जागी वळते. छावणीत नाहीतर जवळच्या बबीन्याच्या लष्करी तळावर नव्यानं बदलून आलेलं एखादं फौजी कुटुंब असतं. आई सरळ विचारते, "कुठले तुम्ही?" आणि येत्या रविवारी ते कुटुंब आमच्याकडे जेवायला असतं. मराठी बोलतात ना, मग आपलीच माणसं. अशा कितीजणींची ती मावशी झाली असेल! त्यांची पुढे बदली होते, काही दिवस फोन येतात, मग बंद होतात. मला त्याचा राग येतो, आईला येत नाही.

आमच्या एजंटानं पॅकेज करून दिलं. झाशीहून थेट कोकणात उतरवणारी गाडी, स्टेशनवर न्यायला मोटार, रिसॉर्टमध्ये दोन रात्री. माझी अट एकच होती: खोली तळमजल्यावर हवी आणि खोलीतून समुद्र दिसायला हवा. आईला जिना चढवत नाही आणि वाळूत तर तिचा पायच ठरत नाही. म्हणजे समुद्र दिसला तर खोलीच्या व्हरांड्यातूनच दिसणार, एरवी नाही. "दीदी, बिल्कुल टेंशन मत लीजिए," एजंट म्हणाला होता. "माताजी बिस्तर पे लेटे-लेटे समंदर देखेंगी."

नाताळच्या सुट्ट्या होत्या. रिसॉर्टच्या काउंटरपाशी जत्रा भरली होती. पोहोचताच आईनं तिथल्या माणसाला विचारलं, "न्हाणीघर कुठे आहे हो?" तो गोंधळला. "क्या चाहिए माताजी?" मला हसू आलं. आमच्या घरातला हा शब्द आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला होता आणि इथे काउंटरवर तो कळलासुद्धा नाही.

मग मॅनेजर आला आणि म्हणाला की थोडं ओव्हरबुकिंग झालंय. थोडं! तळमजल्यावरची समुद्राकडची एकच खोली उरली होती आणि ती दोन कुटुंबांना दिलेली होती. एक आम्ही. दुसरे आमच्या शेजारीच उभे होते: नवरा, बायको आणि कडेवर पेंगुळलेली लहान मुलगी. ज्यांना खोली मिळणार नाही त्यांची सोय "आमच्याच दुसऱ्या युनिटमध्ये", टेकडीच्या मागे, रात्रीचं जेवण मोफत.

मी भांडायला उभी राहिले. तोंड सुटलं की मला हिंदीच येते, आणि बुंदेलखंडातली हिंदी भांडणाला फार उपयोगी आहे. आधी एजंटाला फोन लावला. तो अर्थातच लागला नाही. मग मी मॅनेजरला सुनावलं, आमचं बुकिंग आधीचं आहे हे दाखवलं, आईच्या गुडघ्यांकडे बोट केलं. माझ्या आवाजानं लोक वळून पाहायला लागले. शेवटी मॅनेजरनं मान खाली घालून किल्ली माझ्या हातात ठेवली. मी जिंकले होते.

तेवढ्यात ती बाई मुलीला म्हणाली, "रडू नको गं सोनू, आपण दुसरीकडे जाऊ हं."

आई वळली. अगदी सदर बाजारात वळते तशी. "कुठल्या तुम्ही?" तिनं विचारलं. बाईनं एका मोठ्या शहराचं नाव सांगितलं. आईनं मुलीच्या गालाला हात लावला, माझ्या हातातली किल्ली घेतली आणि त्या बाईच्या हातात दिली. "परेशान नका होऊ तुम्ही. लेकरू थकलंय. आम्ही जाऊ तिकडे."

"आई!"

"असू दे गं. आपलीच माणसं आहेत."

"आई, इथे सगळीच आपली आहेत. तो मॅनेजरसुद्धा. तो बाहेरचा माळीसुद्धा. कुणाकुणाला खोली देशील?"

तिनं आजूबाजूला पाहिलं आणि ती इतकी खूश होऊन हसली की मी बॅगा उचलल्या. त्या बाईनं आईचा हात धरला. "थँक यू आंटी, आप बहुत अच्छे हो," ती म्हणाली. आई तिच्याशी मराठीत बोलली होती. उत्तर हिंदीत आलं, हे मला खटकलं. आईला खटकलं नाही. माझा हिंदीतला आरडाओरडा ऐकून तशी बोलली असेल बिचारी, असं मी मनाशी म्हटलं.

टेकडीमागच्या खोलीच्या खिडकीतून चिऱ्याची भिंत आणि पाण्याची टाकी दिसत होती. आईनं पलंगावर बसून पाहिलं आणि म्हणाली, "खोली स्वच्छ आहे."

दुसऱ्या दिवशी मोटारीनं फिरलो. प्रत्येक किनाऱ्यावर तेच: जिथे गाडी थांबे तिथून पुढे वाळू. समुद्र आईला माडांच्या मधून, दुकानांच्या मधून, तुकड्यातुकड्यांत दिसला. दर वेळी ती मान उंचावून पाही आणि काच वर करून घेई, आणि ते मला फार लागलं. सगळा जन्म जिनं दुसऱ्यांसाठी पानं वाढली, तिला दोन दिवस एक खुर्ची मिळू नये, या विचारानं मी दिवसभर ड्रायव्हरवर उगाच चिडत होते.

निघायच्या दिवशी सकाळी आईच म्हणाली, "जाता जाता त्या रिसॉर्टात जाऊ. त्यांच्या व्हरांड्यात पाच मिनिटं बसू. नाही थोडंच म्हणतील?" पिशवीतून तिनं बेसनाच्या लाडवांचा डबा काढून हातात घेतला. मुलीसाठी खाऊ. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही, हे तिचं ठरलेलं.

तिथे फरसबंद वाट होती, वाळू नव्हती. काठी टेकत टेकत आई खोल्यांच्या रांगेसमोरून चालली. समोर समुद्र होता, अख्खा, मध्ये काहीही नसलेला. व्हरांड्यात ती बाई आणि तिचा नवरा चहा पीत बसले होते. बाजूला एक खुर्ची रिकामी होती. आईनं लांबूनच हसून डबा वर केला.

नवऱ्यानं विचारलं, "कोण गं?"

"अरे, त्या हिंदीवाल्या आंटी नाहीत का, परवाच्या, मराठीचे दोनचार शब्द येणाऱ्या," बाई म्हणाली, अगदी सरळ आवाजात, कुजबुजलीसुद्धा नाही. "रूम परत मागायला आल्या असतील. तू उठू नकोस हं, नाहीतर चिकटून बसतील."

माझ्या तोंडात शब्द आलेच होते. आईनं माझं मनगट दाबलं. इतकं घट्ट की तिच्यात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. मग ती त्या बाईकडे पाहून म्हणाली, "बस समंदर देखने आए थे, बेटा. आप लोग बैठिए."

"हाँ हाँ आंटी, देखिए ना," बाई गोड हसून म्हणाली. आम्हाला सगळं समजलंय हे तिला कळलंच नव्हतं. ती वाईट होती असं मी म्हणत नाही, पण तिचा राग मला आला आणि अजूनही येतो.

जन्मात पहिल्यांदा मी आईला मराठी माणसाशी हिंदीत बोलताना ऐकलं. ती काठीवर भार टाकून थोडा वेळ उभी राहिली. समुद्राकडे पाहत होती की नुसतीच तिकडे तोंड करून होती, सांगता येत नाही. मग "चल, गाडी छुटेल" म्हणाली आणि डबा परत पिशवीत ठेवला.

मोटारीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. घाट लागला तेव्हा खिडकीबाहेर बघत तिनं विचारलं, "माझं मराठी इतकं वाईट आहे का गं?"

मला वाटलं, तिला जवळ घ्यावं, सांगावं की तुझ्याइतकं गोड मराठी मी त्या अख्ख्या मुलखात ऐकलं नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि घाईघाईनं म्हणाले, "ऐसा कुछ नहीं है, आई. तुम भी ना."

म्हणून झाल्यावर मला ते ऐकू आलं. आईनं मान हलवली आणि हात हळूच सोडवून घेतला.