दिंडी दरवाजा

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात सिक्युरिटी बघणारे एक पुणेकर गृहस्थ आहेत. त्यांच्या टेबलावर युरोपातल्या कुठल्याशा जुन्या हस्तलिखितातलं चित्र टेकवून ठेवलेलं असतं. तटबंदीचं शहर, भिंतींना लावलेल्या शिड्या, चिलखतातले सैनिक आणि वर चक्क सोनेरी आभाळ. नव्या माणसाला ते नाव विचारायच्या आधी विचारतात, "सांगा बरं, शहर पडलं कुठून?"

मी शिड्या दाखवल्या होत्या.

"छे हो!" म्हणत त्यांनी पेन्सिलीचं टोक कोपऱ्यात नेलं. तिथे मोठ्या दरवाजाच्या पोटातला दिंडी दरवाजा किलकिला होता आणि आतून एक माणूस डोकावत होता.

"फितूर?" मी विचारलं.

"तसा वाटत नाही हो," म्हणाले आणि पुन्हा भिंगातून चित्राकडे बघत बसले.

वर्षभर आम्ही दोघं एकमेकांच्या डब्यातलं जेवतोय. गेल्या सोमवारी मी कार्ड घरी विसरलो. काचेच्या दारापलीकडे ते दिसले, म्हणून मी हात केला. त्यांनी मानेनेच नकार दिला. मग स्वतःच बाहेर आले, दार मागे नीट लागलंय ना ते ओढून पाहिलं, आणि माझा तात्पुरता पास होईपर्यंत वीस मिनिटं माझ्याशेजारी उभे राहिले. मला रागच आला. दुपारी मी माझा डबा एकट्यानेच खाल्ला.

संध्याकाळी त्यांचं भिंग मागून घेतलं आणि दिंडीतल्या त्या माणसाचा चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला.

तो हसत होता. बाहेर कोणीतरी ओळखीचं उभं असावं.