पर्जन्यमापकाभोवती पावडर

माझे भावोजी जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले, त्यामुळे जगात कुणीही बरोबर माप देत नाही अशी त्यांची ठाम समजूत. दुकान बंद केल्यावर माणसांचा नाद सोडून ते आभाळाच्या मागे लागले. गच्चीवर त्यांनी हवामान केंद्र थाटलं: झडपांची पांढरी पेटी, वाऱ्याचं भिरभिरं आणि पर्जन्यमापक. मापकात पाणी पडलं की आतलं इवलंसं भांडं कलतं आणि पावसाचा आकडा लगेच इंटरनेटवर त्यांच्या पानावर उमटतो. अशी हौशी लोकांची पानं एका ठिकाणी असतात म्हणे. आमच्या घरात ते पान भावोजी सोडून कुणी बघत नसे.

एक दिवस त्या पानावर लाल खूण आली: 'नोंद संशयास्पद'. आभाळ कोरडं ठणठणीत, शेजारच्या केंद्रांवर थेंब नाही आणि भावोजींकडे पाऊस! थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मग केंद्रांचा कारभार बघणाऱ्यांनी कळवलं, की आणखी एकदा असं झालं तर पान काढून टाकू. खोटी मापं पकडण्यात हयात गेलेल्या माणसाला लोक खोटा म्हणायला लागले. भावोजींना जेवण जाईना.

"कुणीतरी मुद्दाम पाणी ओततंय," ते मला म्हणाले आणि माझ्याकडेच बघत राहिले. मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते आणि गच्चीची किल्ली दोन्ही घरांच्या मध्ये खिळ्याला असते.

"भावोजी, मला घरात पाणी भरता भरता पुरेवाट होते. तुमचा पाऊस कधी पाडू?"

"मेहुणीचा काय भरवसा?" ते म्हणाले, पण हसले नाहीत.

आधी त्यांनी कबुतरांवर संशय घेतला, मग खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंवर. त्यांच्या कुंड्या गच्चीवर आहेत एवढाच त्या बिचारीचा गुन्हा. जिन्यात पाऊल वाजलं की भावोजी दार किलकिलं करून बघायचे. मला त्यांचा असा राग यायचा! याच स्वभावापायी एकुलती एक लेक तुटली. तिच्या सासरचं धान्याचं दुकान. बोलणी करायला आम्ही सगळे तिथे गेलो, चहा आला, आणि हे उठले, खिशातलं वजन काढून त्यांच्या काट्यावर ठेवलं आणि चारचौघांत म्हणाले, "काटा खोटा आहे." लग्न झालं, पण लेक म्हणाली, माफी मागेपर्यंत मी बोलणार नाही. हे म्हणाले, काटा खोटा होता, माफी कसली? तेव्हापासून तिचा यांना फोन नाही. ताईने केला तरी ती उचलत नसे.

शेवटी भावोजींनी ताईची अंगाला लावायची पावडर मापकाभोवती पसरली. दुसऱ्या दिवशी पावडरीत चपलांचे ठसे उमटलेले आणि ते फूटपट्टी घेऊन माझ्या दारात हजर. माझ्या चपला उलट्या केल्या तर तळवे पांढरे.

"सापडली चोर!"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "चोर कुणाला म्हणता? तोंड सांभाळून बोला!"

तेवढ्यात ताई ओले हात पुसत बाहेर आली. "तिला बोलू नका. चपला तिच्या, पाय माझे. घाईत हाताला लागल्या त्या घातल्या. पण पावडर दिसली तशी या वेळी पाणी न ओतताच परतले."

भावोजींच्या हातातली फूटपट्टी तशीच राहिली.

"पोरगी रोज तुमचं पान बघते," ताई म्हणाली. "एकदा खरा पाऊस आला तेव्हा तिचा आपणहून फोन आला. आई, वाळत घातलेले कपडे काढलेस का म्हणून. मग बराच वेळ बोलली. पाऊस दिसला की ती करते फोन. नाही दिसला तर मी काय करू?"

भावोजींनी माझ्या चपला हळूच सरळ करून ठेवल्या. मला मात्र रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले, तर भावोजी पाण्याचा मग घेऊन मापकासमोर उकिडवे बसलेले. मी दोरीपाशीच थांबले. त्यांनी मग उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"हात होत नाही गं," ते म्हणाले.

मगातलं पाणी त्यांनी शिवणवाल्या बाईंच्या कुंडीत ओतलं. मग उठले आणि केंद्राची वायरच काढून टाकली.

"हे काय?"

"खोटा आकडा नाही देणार. आकडाच नाही दिला तर ते खोटं नाही ना?"

"पण मग पान बंद पडेल."

"बघू, कुणाला कळतं का."

संध्याकाळी आम्ही तिघं चहा घेत होतो. फोन वाजला. ताईने आपला उचलून बघितला, तो गप्प होता. वाजत होता भावोजींचा. ते नुसते बघत राहिले, तेव्हा मीच बटण दाबून तो त्यांच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"बाबा, पान दुपारपासून बंद आहे. तुम्ही बरे आहात ना?"

"बरा आहे," भावोजी म्हणाले. "त्या दिवशी चारचौघांत बोलायला नको होतं मी. चुकलं माझं."

मग तिने हळूच विचारलं, "तिकडे पाऊस आहे का?"

भावोजींनी खिडकीतून बाहेर बघितलं.

"नाही गं. सगळं कोरडं आहे," ते म्हणाले. "तरी फोन करत जा."