जीनबाईंच्या दगडावर पाय

शुक्रवारी पार्सल आलं.

लाल छत्री एक, मूठ थोडी ढिली.
माझाच स्टीलचा डबा एक, घासूनपुसून.
चिठ्ठी एक.
पोस्टेज सात पौंड चाळीस. एवढ्यात दोन नव्या छत्र्या आल्या असत्या.

पाठवणारी जीनबाईंची भाची. घर आवरताना तिला हे सापडलं, वर माझं नाव लिहून ठेवलेलं.

जीनबाई जाऊन आज वर्ष झालं.

आणि आज मी त्यांच्या नावावर पाय देऊन आले. दोन्ही पाय.

जाऊबाई, आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

ब्रिस्टलला यायच्या आधी आम्ही तीन वर्षं एका जुन्या मार्केट टाउनमध्ये होतो. हे ऑफिसला गेले की मी दिवसभर घरी एकटी. एकदा लायब्ररीच्या दारावर कागद दिसला: दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, गावाची सैर. फुकट.

फुकट म्हटल्यावर गेले.

सगळ्यांच्या पुढे सत्तरी ओलांडलेल्या जीनबाई, हातात लाल छत्री. पाऊस आला तरी ती उघडायची नाही, नुसती उंच धरायची. मागच्यांना दिसली पाहिजे ना!

लोणीबाजाराचं दगडी खांबांवरचं छप्पर दाखवायच्या, जिथे पूर्वी बायका लोणी विकत. मग एका बाजूला कललेली लाकडी घरं. गरीब म्हाताऱ्यांसाठी कुणा व्यापाऱ्याने बांधलेल्या खोल्या. शेवटी चर्च.

चर्चमध्ये माझं अडलं.

थडगी फरशीतच. त्यांवर नावं कोरलेली, आणि लोक खुशाल त्यांवरून चाललेले.

आपण साध्या वहीला पाय लागला तरी नमस्कार करतो हो!

मी बाकांना धरून कडेकडेने निघाले. तरी एका नावाला अंगठा लागलाच. लगेच वाकले, दगडाला हात लावून कपाळाला लावला.

मागचे आजोबा म्हणाले, "कॉन्टॅक्ट लेन्स पडली का, लव्ह?"

आणि आठ-दहा म्हातारी माणसं गुडघे धरून माझी लेन्स शोधायला लागली.

बाहेर आल्यावर जीनबाईंनी खरं कारण विचारलं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं. हसल्या नाहीत. पुढच्या गुरुवारपासून सगळ्यांनाच कडेने नेऊ लागल्या. "धिस वे, प्लीज. वी आर बीइंग पोलाइट टुडे."

हे म्हणायचे, "दर आठवड्याला तेच गाव काय बघतेस?"

"देवळात काय रोज नवा देव असतो?"

सैर संपली की लोणीबाजाराच्या पायरीवर आम्ही दोघीच. माझ्या थर्मासमधला चहा, डब्यातला चिवडा. त्यांना मूलबाळ नव्हतं. नवरा कधीच गेलेला.

शेवटच्या आजारात भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मला चर्चच्या बाहेर जागा मिळालीय. बाजाराच्या वाटेवर, सपाट दगड. तू माझ्यावरून चालायचं."

"नको हो. पाप लागेल मला."

"डिअर, ज्या दगडावर पाय पडत नाहीत, त्याच्याकडे कुणी आलेलंच नसतं. तुझं बघून सगळे कडेने जायला लागले तर मी काय करू? प्रॉमिस मी."

माझा हात घट्ट धरलेला. मी "यस" म्हटलं. वाटलं, आजारी माणसाचं मन राखावं. पुढचं पुढे.

ते पुढचं शुक्रवारी चिठ्ठीतून आलं. दगड बसवला, भाचीने लिहिलं होतं.

चार दिवस देवापुढे बसले. काही सुचेना. जाऊबाई, तुम्हाला पुण्याला फोन केला, तर तुम्ही म्हणालात, "गेलेल्या माणसावर पाय? भलतंच!"

ह्यांनी एवढंच विचारलं, "शब्द दिलास ना? मग तिकीट आजच काढ, उद्या महाग होईल."

आज गुरुवार. बाजार भरलेला. लोणीबाजारापाशी छत्री घेऊन नुसती उभी होते, तर एक म्हातारं जोडपं आलं. "इज धिस द वॉक?"

नाही कसं म्हणू?

माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत नेलं मी त्यांना. जीनबाईंची वाक्यं, जीनबाईंचेच विनोद. सगळं पाठ होतं. हसले सुद्धा बिचारे.

चर्चच्या वाटेवर ते दोघे पुढे झाले, आणि आजोबांचा बूट नेमका त्या नव्या दगडावर पडला.

त्यांच्या लक्षातही आलं नाही.

कोरी करकरीत अक्षरं. त्यावर चिखलाचा एकच ठसा.

म्हणजे कुणीतरी आलं होतं.

मी बूट काढले, मोजे काढले. देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही पाय ठेवले. दगड गारठलेला होता. तरी उभी राहिले. तळव्यांना अक्षरं लागत होती.

मग खाली उतरून वाकले, हात लावला, कपाळाला लावला. तेवढं मात्र सुटणार नाही.

आजींनी हळूच विचारलं, "समवन यू न्यू?"

"माय फ्रेंड," म्हटलं. पुढचं इंग्रजी आलं नाही.

जीनबाई, शब्द पाळला. देवाला राग आला असेल तर तुम्ही समजावा, तुम्ही जवळ आहात.

माझा नमस्कार.

माझं पाऊल पोचलं का, तेवढं उलट टपाली कळवा.