थोरला घरी आला, असं मी सांगितलं

मी आईला एका टीव्ही मालिकेचा भाग खोटा सांगितला. ती दवाखान्यात होती, तिथे टीव्ही नव्हता, म्हणून मी रोज संध्याकाळी तिच्या कॉटपाशी बसून आज काय झालं ते सांगायचो. त्यातल्या एका संध्याकाळी, जे झालंच नव्हतं ते सांगितलं. हे मी बायकोलाही बोललेलो नाही. ऐकणारा म्हणेल, एवढंच ना? मलाही बरेच दिवस एवढंच वाटून घ्यायचं होतं.

आमचं मूळ घर दांडीच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत. तिथे माझा थोरला भाऊ राहतो, वाडी बघतो. त्याला मी दादा म्हणतो, म्हणायचो. मी तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत ऑपरेटर आहे आणि सरावलीला राहतो. मोटारसायकलवर निघालं तर दोन घरांमधलं अंतर अर्ध्या तासाचंही नाही. हे अंतर ध्यानात ठेवा, कारण पुढे मी जे केलं नाही त्यासाठी एवढंच अंतर जायचं होतं.

बाबा एका सकाळी वाडीतच कोसळले. दादाने आधी गावातल्या डॉक्टरला आणलं, मग गाडी करून बोईसरला. पोचेपर्यंत संपलं होतं. तेराव्याला पंगत बसलेली, दादा वाढत होता, आणि सगळ्या नातेवाइकांसमोर मी म्हणालो की सरळ बोईसरला आणलं असतं तर बाबा वाचले असते. दादाने हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि विहिरीकडे निघून गेला. वेळेने काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तरीही मी बोललो. बाबांच्या शेवटच्या वर्षात मी वाडीवर क्वचितच गेलो होतो. कुणी ते बोलून दाखवायच्या आत मला काहीतरी बोलायचं होतं.

त्यानंतर आईला मी माझ्याकडे आणलं. ज्या झाडाखाली बाबा पडले ते तिला रोज ओटीवरून दिसायचं, म्हणून तीही आली. पहिल्याच आठवड्यात जेवताना तिने दादाचा विषय काढला तेव्हा मी म्हणालो, "या घरात त्याचं नाव नको." आई "बरं" म्हणाली. ती शब्दाला इतकी पक्की निघेल असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवसानंतर तिच्या तोंडून दादाचं नाव मी ऐकलं नाही.

एकदा दादा आला होता. चिकूची करंडी घेऊन दारात उभा. मी दार अर्धंच उघडलं आणि म्हणालो, "आई झोपलीये." तो थोडा वेळ चपलांकडे बघत राहिला. "उठली की सांग," म्हणाला, करंडी तिथेच ठेवली आणि जिना उतरून गेला. आई आत जागी होती, मेथी निवडत. मी चिकू बाजारातून आणले म्हणून सांगितलं. तिने एक चिकू उचलून अंगठ्याने त्याच्यावरची भुकटी पुसली, नाकाशी धरला आणि खाली ठेवला. विचारलं काहीच नाही. नंतर चिकू खाल्ले तेव्हा बिया मात्र तिने टाकल्या नाहीत. गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत कडेने खोचून ठेवल्या.

मालिका त्यानंतर सुरू झाली. एका मोठ्या घरातली आई, दोन मुलगे. धाकटा खोटा आळ घालतो आणि थोरला घर सोडून जातो. आई रोज त्याचं ताट वाढून वाट बघत बसते. आमच्याकडे संध्याकाळी बायको, आई आणि शेजारच्या वहिनी अशा तिघी बसायच्या. वहिनी जळगावकडच्या, नवरा सालवडला एका कारखान्यात. त्यांचा टीव्ही चांगला होता, पण एकटीने रडायला मजा येत नाही म्हणायच्या.

आई टीव्हीतल्या बाईशी बोलायची, पलीकडच्या घरातल्या बाईशी बोलावं तशी. "अगं बाय, ताट वाढलंस तर झाकून ठेव ना. मुंग्या लागतील." किंवा, "दाराला कडी नको लावू. रातचा आला तर काय करंल तो?"

"आजी, ऐकू जात नाही तिला," वहिनी हसायच्या.

"कळतंय मला. पण कुणीतरी सांगायला पायजे की नाय?"

आणि मग तिने बोंबील सोडले.

आमच्याकडे नवसासाठी आवडीची वस्तू सोडतात. आईला बोंबील जिवापाड. दांडीची एक मासेवाली आमच्या बिल्डिंगमध्ये पाटी घेऊन यायची आणि आईसाठी ताजे बोंबील बाजूला काढून ठेवायची. एक दिवस आई म्हणाली, आजपासून नको.

"का गं आजी? माज्या बोंबलानं काय पाप केलं?"

"तुज्या बोंबलाचं काय नाय. त्या टीव्हीतल्या बाईचा थोरला घरी येईस्तवर मी सोडलेत."

मासेवालीने पाटीच खाली ठेवली. "टीव्हीतल्यासाटी? अगं, ते लोक पैसे घेऊन रडतात! आनि तू फुकट उपाशी?"

"उपाशी कुठं? कोलंबी दे ना."

जिन्यात सगळे हसले. मीही हसलो. बायको मात्र रात्री काळजीने म्हणाली, "आईंना डॉक्टरला दाखवायचं का? वयाने असं होतं म्हणतात." मी म्हणालो, बघू.

त्या दिवसांत मालिकेतल्या धाकट्याला सगळं गाव शिव्या देत होतं. कंपनीच्या कँटीनमध्येही. आमच्या प्लांटवरचा एक बिहारचा माणूस, घरी बायकोच्या मोबाईलवर बघायचा, डबा उघडता उघडता म्हणायचा, "भाई, वो छोटा वाला तो एकदम कमीना निकला. मेरे सामने आ जाए तो दो लगाऊँ." सगळे हो हो म्हणायचे. मी चपाती मोडत असायचो. एकदा तो मलाच म्हणाला, "तुम कुछ बोलते नहीं, तुमको पसंद है क्या वो?" मी म्हणालो, मी बघत नाही.

बघत होतो. स्वयंपाकघरात टेबलाशी, पडद्याआड, मोबाईल हातात धरून. आणि तिथेच एका संध्याकाळी मला ऐकू आलं. मालिकेत धाकट्याने थोरल्याचा फोटो भिंतीवरून काढून ठेवला होता. वहिनी भडकल्या. "मेल्याला उकळत्या तेलात घातलं पाहिजे!"

"नको गं," आई म्हणाली. "असं नको बोलू. तोही पोटचाच हाय."

"पोटचा असून असा वागतो?"

"चुकलं त्याचं. पण त्याला झोप येत असंल का? बघ ना, तोंड कसं झालंय. थोरला कुठंतरी जेवत असंल, मला त्याची एवढी काळजी नाय. ह्याचा घास अडकतो."

मी पडद्याआड उभा होतो. समोर भाताचा कुकर होता, त्याची शिट्टी झाली. बोंबील कुणासाठी सोडले होते ते मला तेव्हा कळलं. टीव्हीतल्या बाईच्या आडून ती माझ्याशी रोज बोलत होती. मी घातलेली अट तिने पाळली होती, नाव कुठेच घेतलं नव्हतं. मला फक्त गाडी काढून वाडीवर जायचं होतं. मी गॅस बंद केला आणि वाचत असल्यासारखं करत पुन्हा मोबाईल घेऊन बसलो.

पुढे पावसाळा संपता संपता आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बोईसरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, ते नीट झालं, पण छातीत कफ धरला तो हटेना. तिचा पहिला प्रश्न शुद्धीवर आल्यावर, "आज काय झालं गं?" बायकोला वाटलं ऑपरेशनचं विचारतायत. मला कळलं, ती मालिकेचं विचारतेय. तेव्हापासून मी कंपनीतून सुटलो की दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मोबाईलवर त्या दिवसाचा भाग बघायचा, मग वर जाऊन सांगायचा, असा नेम झाला. लहानपणी ती मला गोष्टी सांगायची, तेव्हा मी अधूनमधून "हं" म्हणायचो. आता ती "हं" म्हणायची. मी जन्मात तिच्याशी इतकं बोललो नव्हतो.

दादाला मी कळवलं नाही. उद्या, म्हणत होतो. छाती मोकळी होऊ दे, मग.

आणि त्या संध्याकाळी मालिकेतला थोरला मेला. त्या नटाला दुसरीकडे काम मिळालं असावं. ट्रकचा अपघात दाखवला आणि फोटोला हार घालून मोकळे झाले. मी बाकावर बसून बघत होतो. शेजारी एक म्हातारा शहाळं पीत होता, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घरचं कुणी सिरीयस हाय का?" मी नुसती मान हलवली.

वर गेलो. आईने डोळे उघडले. "काय झालं आज?"

"आला," मी म्हणालो. "थोरला घरी आला."

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "कसा आला?"

आता मागे फिरता येत नव्हतं. मी सांगत गेलो. हातात चिकूची करंडी होती म्हणालो, वाळलाय म्हणालो, केस पांढरे झालेत. ते सगळं दादाचं होतं. मालिकेतल्या त्या गोऱ्यागोमट्या नटाच्या हातात करंडी कुठून यायला?

"पाय धुतले त्यानं?"

आमच्या वाडीतली ही रीत. मातीतून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. दादा वाडीतून आला की विहिरीजवळच्या दगडावर उभा राहून हाक मारायचा, "पाणी दे रे!" आणि ते पाणी द्यायचं काम धाकट्याचं, माझं. संगमरवरी जिन्याच्या त्या मालिकेतल्या घरात मी कुणाला पाय धुताना कधी पाहिलं नव्हतं.

"धुतले," मी म्हणालो.

"पाणी कुणी दिलं?"

"धाकट्याने."

आईने डोळे मिटले. माझा हात तिच्या हातात होता, तो तिने दोनदा थोपटला. "बरं केलं त्यानं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर म्हणाली, बोंबील पायजेत. माझा आनंद मला लपवता येईना. बायकोने घरून बोंबलाचं कालवण आणि मऊ भात आणला. मी काटा काढून भरवला. दोन घास खाल्ले, तिसरा नको म्हणाली. "मीठ बरोबर हाय," एवढं सुनेला सांगितलं. खोटं पचलं, असं मी त्या रात्री मनाशी म्हणालो. त्यानंतर चारेक दिवसांत ती गेली.

दादाला फोन बायकोने केला. सगळं वाडीवरच झालं. तो आणि मी खांद्याला खांदा लावून चाललो, पण बोललो नाही. तेराव्याला माणसं पांगल्यावर तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता तो बोलेल, आणि बोलायलाच हवं. त्याने एवढंच विचारलं, "आईनं कधी माजं नाव काढलं?"

"नाय," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, जसं काही त्याला हेच वाटलं होतं, आणि तो वाडीत गेला. माझं उत्तर अक्षरशः खरं होतं. मालिकेचा भाग खोटा सांगितला, त्याची मला आता तितकी टोचणी नाही. हे खरं उत्तर टोचतं.

एक गोष्ट राहिली. सरावलीला परतल्यावर शेजारच्या वहिनी भेटायला आल्या. रडता रडता म्हणाल्या, "भाऊ, माझ्याकडून एक चूक झाली. मी आजींना बघायला गेले होते ना दुपारची, बोंबील मागितले त्या दिवशी. मी बोलून गेले की तो थोरला मेला म्हणून. मला काय माहीत, तुम्ही सांगितलं नसेल."

मी विचारलं, आई काय म्हणाली?

"काहीच नाही हो. हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडं मेला असंल. आमच्याकडं तो घरी आलाय. धाकट्यानं त्याला पाणी दिलं."

म्हणजे ते दोन घास तिने सगळं ठाऊक असताना खाल्ले. मालिकेत काय झालं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मी तोंडाने जे बोललो ते मी करणार, असं धरून तिने नवस फेडला.

चिकूच्या त्या बियांतली एक रुजली आहे. कुंडीत वीतभर रोप आहे, बायको त्याला पाणी घालते. वर्ष होत आलं. दादा अजूनही समजतो की आई त्याला विसरून गेली. ती रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून त्याचीच वाट बघायची, आणि त्याचं नाव तिने माझ्यामुळे घेतलं नाही, हे त्याला सांगायचं माझ्याकडे बाकी आहे. बाबांबद्दल पंगतीत बोललो ते खोटं होतं, हे सांगायचं बाकी आहे. आणि विहिरीजवळच्या दगडापाशी जाऊन त्याच्या पायांवर पाणी घालायचं बाकी आहे.