त्या मूर्तीचा फोटो मी काढला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मला झोप लागत नाही ती साखरेच्या दुखण्यामुळं, असं तिला वाटतं. वाटू दे. पण तुम्ही ऐकताय, तर — कुठून सुरू करू?

ओतूरला एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ. लग्नं, बारशी, कॉलेजच्या पोरांचे पासपोर्ट फोटो. आमचं गाव तिथून जवळच, डोंगराला लागून. गावाबाहेर देवीचं दगडी देऊळ, आत काळ्या पाषाणाची जुनी मूर्ती — दीडेक हात उंच, किंचित हसरी. पूजा रामूमामा गुरव करायचे. नात्यानं मामा नव्हेत, पण सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. लहानपणी प्रसादाचं खोबरं माझ्या हातावर जरा जास्तच ठेवायचे. हे कशाला सांगतोय? खरं सांगायचंय ते टाळतोय, म्हणून.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गावचे पुढारी आबा — त्यांचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती — पुण्याच्या एका सरकारी साहेबाला घेऊन स्टुडिओत आले. जुन्या मूर्तींची सरकारदरबारी नोंद करायचीय, म्हणाले, चांगले फोटो काढ. मी गेलो. गाभाऱ्यात अंधार. मामांनी स्टीलचं ताट दारात धरलं आणि उन्हाचा कवडसा बरोबर मूर्तीवर पाडला. "माझी आई फोटुत कशी दिसंल रं?" असं विचारत, ताट हलू न देता उभे राहिले. साहेबानं मागची बाजूही काढायला लावली. मग आबांना हळूच विचारलं, "उचलायला किती माणसं लागतील?"

ते मी ऐकलं. नुसत्या नोंदीसाठी मूर्ती उचलायची कशाला? हा प्रश्न मनात आला होता — खरंच आला होता. मी कॅमेरा पिशवीत भरला आणि निघालो.

पावसाळा सरला आणि एका सकाळी गाभारा रिकामा दिसला. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच, एक मामांकडं, एक आबांकडं. आबांना कोण विचारणार? पोलिसांनी मामांना नेलं. मामा सांगत राहिले, "आबांनी न् पुण्याच्या सायबानं फोटु काढून नेले व्हते. त्या पोराला इचारा."

पोर म्हणजे मी.

हवालदाराच्या आधी आबा दुकानात येऊन गेले. चहा प्यायले. "फोटु तू काढला. तुझंच नाव पयलं यील बघ. तवा फोटु काढलाच न्हाई — काय?" एवढंच बोलले. हवालदाराला मी सांगितलं, मी कसलेही फोटो काढलेले नाहीत.

खोटं बोलतो म्हणून मामांना मारलं. पुरावा नाही म्हणून सोडलं, पण गावानं देवळाची सेवा काढून घेतली. पाय ओढत ते लेकीकडं, अवसरी खुर्दला राहायला गेले. आणि मी? आबांच्या गोतावळ्यातल्या सगळ्या लग्नांची कामं मला मिळायला लागली. दुकानाला दुसरं शटर आलं.

इथंच थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता — तरणा होता, घाबरला. म्हणूनच थांबत नाही.

दहा-बारा वर्षं गेली. आबा वारले. मग एका दुपारी दुकानासमोर सरकारी जीप उभी राहिली. एक मॅडम उतरल्या. चोरीच्या मूर्ती परदेशातून परत आणायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांच्या मागून, लेकीचा हात धरून, रामूमामा.

मॅडमनी एक छापील चित्र पुढं केलं. परदेशातल्या कुणा धनिकाच्या घरी, काचेच्या पेटीत — तीच. तेच किंचित हसू. 'नवीन हस्तकला' असा सरकारी दाखला जोडून तिला देशाबाहेर काढलं होतं. दाखल्यावर सही त्याच साहेबाची.

"ही कुणा एकाची मालमत्ता नाही, सगळ्यांची आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ती आधी तुमच्या देवळात होती, याचा पुरावा तिथलं कोर्ट मागतंय. एक जुना फोटो हवाय. तो तुम्ही काढला होता, असं हे म्हणतात."

निगेटिव्ह माझ्या डोक्यावरच होत्या. माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात.

आबा नव्हते. धमकावणारं कुणी उरलं नव्हतं. मग भीती कसली? लोक म्हणतील, हा इतकी वर्षं खोटं बोलला, याच्यामुळं मामांना मार पडला. बस, एवढीच.

"बघ की बाळा," मामा म्हणाले. "म्या ताट धरलं व्हतं. आठवतंय का?"

"न्हाई मामा," मी म्हणालो. "तुमचं वय झालंय. कायतरी चुकतंय तुमचं."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. विश्वास कुणावर बसणार — चष्मा पुसत बसलेल्या दुकानदारावर की चोर ठरलेल्या म्हाताऱ्यावर? लेक काही बोलायला गेली, तर मामांनी तिचा हात दाबला. "चल," म्हणाले. पायरी उतरताना त्यांचा तोल गेला. मी सावरायला हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही.

त्याच दिवशी दुकानामागं मी निगेटिव्ह जाळल्या. आधी एक उजेडात धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं, तशी देवी पांढरीशुभ्र दिसत होती. मग ती आकसत, वितळत गेली. तो वास किती दिवस बोटांना होता, सांगता येत नाही. अजूनही जेवताना कधीकधी येतो.

मूर्ती परत आली नाही. दावा मागं घ्यावा लागला, असा मॅडमचा फोन आला होता. मामा पुढच्या थंडीत गेले. मी मातीला गेलो नाही.

परवा यात्रेत देवळाच्या पायऱ्यांवर काही माणसं बसली होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारलं, जुनी मूर्ती कुठंय?

"आमच्या गुरवानं इकली, राव," एकानं सांगितलं. "लई इस्वास व्हता त्याच्यावर."

मी शेजारीच बसलो होतो. चहा प्यायलो.