पेशंटला ढकलत्यात व्हय?

वडिलांनी पिंपळीच्या मालकाची सारखी बंद पडणारी अँबॅसिडर जन्मभर ढकलली. आत बसायला कधी मिळालं नाही. मी घरातला पहिला पदवीधर. नोकरी लागल्यावर तीच गाडी घेतली, तर स्टार्टर नुसता टक करायचा. वडील सवयीनं मागं जाऊन उभे राहिले.

मी आमच्या बारामतीच्या मिस्त्रीला बोलावलं. तो गाडीला पेशंट म्हणतो आणि हात धुऊनच बॉनेट उघडतो.

"आबा, पेशंटला ढकलत्यात व्हय? फुडं या."

त्यानं दिवे लावून चावी फिरवली. दिवे मंदावले नाहीत, म्हणजे बॅटरी ठीक. मग मला चावी फिरवायला लावून स्टार्टरवर हातोडीच्या दांड्यानं हळूच ठोकलं, तसा तो फिरला.

"आतलं कार्बन झिजल्यात, करंट फुडं जात न्हाय."

नवे कार्बन बसवल्यावर मी चावीसाठी हात पुढं केला. त्यानं ती वडिलांना दिली.

"तुमी बसा, आबा."

वडिलांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली, आणि कुणालाच ढकलावी लागली नाही.