राजाच्या तोंडावरची काजळी

पणजोबांच्या काळी नगरभवनाच्या भिंतीवर रंगवलेल्या राजाला, तिथली चित्रं जपणाऱ्या गेरलिंडेबाई चोरून पाव भरवतात, अशी आमच्या ऱ्हाइनकाठच्या गावात अफवा होती. खरं तर त्या पावाच्या मऊ गराने चित्रावरची काजळी टिपत. पाण्याने रंगच निघाला असता.

एका नाताळात मेणबत्तीने पडदा पेटला आणि राजाचं तोंड काळंठिक्कर पडलं. महापौर नाकातून म्हणाले, "बाई, उद्या दुसरा चेहरा रंगवून घेऊ!"

"आधी ह्याचं नाक तरी सापडू दे, साहेब."

गर फिरत राहिला. नाक आलं, दाढी आली, मग शाबूत निळा डोळा. "आहेस रे बाबा!" म्हणत गेरलिंडेबाई शिडीवरच मटकन बसल्या.

राजा वाचणार नाही, अशी मी त्यांच्याशी पैज लावली होती. हरलो, आणि ठरल्याप्रमाणे खुद्द महापौरांसमोर त्यांच्याच नाकातल्या बोलण्याची नक्कल करावी लागली.